कात्री कुणाच्या हाती?

रामगडच्या टाकीत पाणी येते कुठून?

'शोले' पाहिलेल्या माणसाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. गावात वीज नाही. राधा रात्री वाड्यातले कंदील एकेक करून विझवते आणि माडीखाली बसलेला जय माउथ ऑर्गन वाजवतो, हे तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. मग वीरू ज्या टाकीवर चढून जीव देण्याची धमकी देतो, त्या एवढ्या उंच टाकीत पाणी चढवतो कोण? इतर जिल्ह्यांत हा विनोद असेल, आमच्याकडे नाही. ज्या लातूरने एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायले, त्या लातूरचा माणूस टाकी दिसली की पहिल्यांदा पाण्याचीच चौकशी करणार!

मित्रहो, कथेतली अशी भोके शोधणे हा आपल्या पिढीचा आवडता उद्योग झाला आहे. वसतिगृहाच्या गच्चीवर, चहाच्या टपरीवर आणि (गुरुजनांनी क्षमा करावी) तासालाही आपण हेच करतो. त्यापुढची पायरी म्हणजे भोके नुसती दाखवायची नाहीत, तर बुजवायची. चित्रपट संगणकावर घ्यायचा, नको ते प्रसंग कापायचे, पुढचे मागे न्यायचे आणि 'दुरुस्त' प्रत तयार करायची. हा छंद अमेरिकेत जुना आहे. 'स्टार वॉर्स' मालिकेचा १९९९ साली आलेला भाग एका चाहत्याला असह्य झाला. तो व्यवसायानेच संकलक होता. त्याने त्या चित्रपटाची अठरा-वीस मिनिटे कापली, जार जार बिंक्स या वात्रट पात्राचे तोंड जमेल तेवढे बंद केले, आणि त्याच्या प्रती २००१ च्या सुमारास व्हिडिओ कॅसेटवरून हातोहात फिरल्या. मूळापेक्षा हीच प्रत बरी, असे म्हणणारे पुष्कळ निघाले.

या प्रश्नावर मी लिहायला बसलो, कारण तो माझ्या दारात आला; आणि त्यापायी एक चांगला मित्र मी जवळजवळ गमावला.

हा मित्र लातूरला असतो. शिकवणीचे वर्ग, सराव परीक्षा, चार पर्यायांतून एक बरोबर उत्तर, अशा शिस्तीत त्याची दोन वर्षे गेली. मी नांदेडला मराठी घेऊन बी.ए. करतो आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत त्याने 'बाहुबली'चे दोन्ही भाग एकत्र करून एकच सरळ कथा करण्याचे मनावर घेतले. पहिला भाग २०१५ चा, दुसरा २०१७ चा. मधली दोन वर्षे सारा देश 'कटप्पाने बाहुबलीला का मारले' एवढेच विचारत होता. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये दिग्दर्शक राजामौली यांनी स्वतःच दोन्ही भाग जोडून पावणेचार तासांची एक प्रत चित्रपटगृहांत आणली. पण माझ्या मित्राचे तेवढ्याने समाधान होणार नव्हते. राजामौलींनी लांबी कमी केली, भोक तसेच ठेवले, असे त्याचे म्हणणे.

भोक कोणते? राजमाता शिवगामी न्यायासाठी प्रसिद्ध. पोटच्या पोराला बाजूला सारून तिने पुतण्याला राज्य द्यायचे ठरवलेले. तीच शिवगामी कारस्थानाला बळी पडते आणि बाहुबलीला एकदाही समोर न बोलावता, एक प्रश्नही न विचारता कटप्पाला त्याचा वध करण्याची आज्ञा देते. 'हे पटत नाही,' मित्र म्हणाला. 'एवढी न्यायी बाई साधी चौकशी करत नाही?'

प्रश्न रास्त होता. मी एस.टी.ने लातूरला गेलो आणि त्याच्या खोलीवर आम्ही तीन रात्री जागलो. खरे सांगतो, त्या तीन रात्रींत मला चित्रपटाविषयी जे कळले ते वर्षभर परीक्षणे वाचून कळले नसते. एक प्रसंग चार सेकंदांनी छोटा केला की पात्राचा स्वभाव बदलतो. राणी गप्प राहून पाहते ते दृश्य आज्ञेच्या आधी ठेवले तर ती विचारी वाटते; नंतर ठेवले तर तिला पश्चात्ताप झाला आहे असे वाटते. चित्र तेच, चेहरा तोच! आमच्या अभ्यासक्रमात 'संहिता' हा शब्द शंभर वेळा येतो; ती हाताला लागते कशी, हे मला त्या खोलीत समजले. तेव्हा या छंदाला पोरकटपणा म्हणून हिणवणाऱ्या वडीलधाऱ्यांशी मी सहमत नाही. घड्याळ उघडून पाहणारे पोर ते बिघडवते हे खरे, पण घड्याळ चालते कसे हे पुढे त्यालाच ठाऊक असते.

चौथ्या दिवशी भांडण झाले. कापाकापीने भोक बुजत नव्हते. तेव्हा मित्राने एक युक्ती काढली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने शिवगामीच्या आवाजात एक नवे वाक्य तयार करायचे आणि आज्ञेच्या प्रसंगात तिची पाठ कॅमेऱ्याकडे असताना ते बसवायचे. वाक्य एवढेच: मी त्याला बोलावणे धाडले होते, तो आला नाही. दहा मिनिटांत वाक्य तयार झाले आणि, कबूल केले पाहिजे, हुबेहूब बसले.

मी म्हणालो, 'हे काढ.'

'का? कापलेलं चालतंय, जोडलेलं चालत नाही व्हय?'

मला उत्तर देता येईना. मी नुसताच हट्ट धरला, तो चिडला. 'हिंदीत प्रभासच्या तोंडी शरद केळकरचा आवाज आहे, तो कसा चालला तुला? शिवगामीचाही हिंदी आवाज दुसऱ्याच बाईचा. मग माझाच आवाज तेवढा खोटा?' मी पिशवी उचलली आणि नांदेडची गाडी धरली. पुढे दोन महिने आम्ही बोललो नाही.

त्या दोन महिन्यांत मी उत्तर शोधत होतो. ते पैठणला सापडले.

ज्ञानेश्वरी नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, सांगितली गेली. त्यानंतर पावणेतीनशे-तीनशे वर्षे ती हातांनी नकलून घेतली जात होती. नकलणारे बहुतेक भक्त. आजच्या भाषेत चाहतेच. कुणाला एखादी ओवी अवघड वाटली, त्याने सोपी केली. कुणाला अर्थ तुटल्यासारखा वाटला, त्याने मध्ये स्वतःची ओवी घातली. हेतू वाईट कुणाचाच नव्हता. प्रत्येक जण भोकच बुजवत होता. शेवटी शके १५०६ मध्ये, इ.स. १५८४ साली, एकनाथांनी निरनिराळ्या प्रती जमवल्या, पाठ ताडून पाहिले आणि ग्रंथ शुद्ध केला. आणि शेवटी बजावले की यापुढे या ग्रंथात जो आपली ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखे होईल. मराठवाड्याच्या मातीत चाहत्यांच्या संपादनाविरुद्ध काढलेला हा पहिला हुकूम, असे मी गमतीने म्हणतो. तोही काढला ज्ञानेश्वरीच्या सर्वांत मोठ्या चाहत्याने! (त्यानेही वाद मिटला नाही, हे वेगळे. राजवाड्यांनी १९०९ साली एकनाथांच्या पूर्वीची म्हणून दुसरी प्रत छापली आणि मूळ कोणते हा तंटा पुन्हा उभा राहिला.)

आता गंमत पहा. ज्ञानेश्वरीत एक ओवी घालू न देणाऱ्या याच एकनाथांनी रामायण मात्र आपल्या मनासारखे सांगितले. 'भावार्थ रामायण' ही वाल्मीकीची नक्कल नव्हे. तिथे त्यांनी खुशाल भर घातली, रंग भरले, कारण तो ग्रंथ त्यांच्या नावाचा होता. वाल्मीकीची पोथी जिथे होती तिथेच राहिली. आणि युद्धकांडात एकनाथांची लेखणी थांबली तेव्हा पुढचा भाग गावबा या शिष्याने पुरा केला. त्याने केला हे आजही सगळ्यांना माहीत आहे, हे महत्त्वाचे. माझ्या मित्राच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे मिळाले. कापणे आणि जोडणे यांत पाप-पुण्य नाही. दुसऱ्याच्या तोंडी आपले वाक्य घालून ते त्याचेच म्हणून खपवणे, आणि मूळ दिसेनासे करणे, यात पाप आहे. शरद केळकरला विचारले होते, त्याने पैसे घेतले, आवाज त्याचा हे जगजाहीर आहे. शिवगामीला कुणी विचारले?

पण एवढ्यावर थांबलो तर मी स्वतःलाच फसवीन. कारण भर घालणाऱ्या चाहत्यांनी आपल्याला काय दिले, तेही पाहिले पाहिजे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पुरे झाले. हजारावर हस्तलिखिते पाहून विद्वानांनी ठरवले की मूळचे काय आणि मागाहून घातलेले काय. सभापर्वाचे संपादन फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन पंडिताने केले. त्यात द्रौपदीने कृष्णाचा धावा केला आणि त्याने वस्त्रे पुरवली, हा भाग मुख्य संहितेत नाही. तो तळटीपेत गेला. वस्त्रांमागून वस्त्रे निघत राहतात, पण ती पुरवतो कोण हे संहिता सांगत नाही. पहा, केवढे मोठे भोक! शतकानुशतके ऐकणाऱ्यांना ते सहन झाले नाही, त्यांनी तिथे कृष्ण आणून उभा केला. आणि आज माझ्या आजीला कृष्णावाचून वस्त्रहरण सांगा, ती तुम्हाला घराबाहेर काढील. पाणी कुठून आले हे विचारणाऱ्याला दिलेले इतके सुंदर उत्तर दुसरे नसेल. गोंधळ्यांच्या जांभूळ आख्यानाचेही तेच. द्रौपदीच्या मनात कर्ण होता ही गोष्ट व्यासांनी लिहिली नाही. लोकांनी सांगितली, आणि विठ्ठल उमपांच्या तोंडून ती ज्यांनी ऐकली त्यांना ती खोटी वाटली नसेल.

म्हणजे भर घालू नका असा सरसकट नियम मला करता येत नाही. गोंधळी ते आख्यान संबळाच्या तालावर, स्वतः उभा राहून सांगतो. समोरच्याला ठाऊक असते की हे गोंधळ्याचे सांगणे आहे. पोथीत गुपचूप घातलेली ओवी वेगळी.

दुसरी गोष्ट मला 'शोले'ने शिकवली. रहीमचाचांचा मुलगा अहमद (तो आपल्या सचिन पिळगावकरांनी केला आहे) गब्बरच्या हाती सापडतो. आपण पाहतो ते एवढेच: गब्बरच्या हातावर मुंगी चढते, तो तिला चिरडतो, आणि पुढच्या दृश्यात घोडा अहमदचे प्रेत घेऊन गावात येतो. अहमदच्या छळाचा प्रसंग चित्रित झाला होता, पण तो पडद्यावर आला नाही. मधली जागा रिकामी राहिली. आता सांगा, हे भोक आहे काय? माझ्या मते त्या चित्रपटातली सर्वांत भयंकर जागा तीच, कारण तिथे गब्बर जे करतो ते आपल्याला आपल्या मनात करावे लागते. टाकीतले पाणी ही चूक आहे. मुंगीनंतरचा काळोख ही चूक नव्हे. दोन्हींना आपण एकच नाव देतो, तिथे घोटाळा होतो. चार पर्यायांतून एक निवडण्याची सवय लागलेल्या आपल्या पिढीला मोकळी जागा दिसली की गुण गेल्यासारखे वाटते.

शिवगामीचेही असेच. ती विचारत नाही, हा तिचा अपराध आहे. पहिल्या भागाच्या आरंभी ती बाळाला एका हाताने पाण्यावर धरून स्वतः बुडते आणि आपल्या पापाबद्दल आपला जीव घे पण पोराला वाचव असे देवाला विनवते, ते या अपराधामुळे. 'मी बोलावले होते' हे वाक्य घातले की अपराध अर्धा होतो आणि नदीतला तो हात विनाकारण वर राहतो. मित्राने शेवटचे भोक बुजवताना सुरुवातीला नवे पाडले होते. हे त्या रात्री सुचले असते तर भांडण टळले असते. असो.

या साऱ्या वादात एक गोष्ट मात्र आपण विसरतो. चाहत्याची कात्री लहान असते. मोठ्या कात्र्या दुसऱ्यांच्याच हाती असतात. 'शोले' आणीबाणीत, १५ ऑगस्ट १९७५ ला प्रदर्शित झाला. मूळ शेवटात ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरला मारतो. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हाती घेणे सेन्सॉरला मानवले नाही. शेवट पुन्हा चित्रित करावा लागला आणि ऐन वेळी पोलीस येऊन पोचले. पन्नास वर्षे आपण तोच शेवट खरा मानला. मूळ शेवटासह दुरुस्त केलेली प्रत भारतातल्या चित्रपटगृहांत आली ती डिसेंबर २०२५ मध्ये.

उलट प्रकार 'रांझणा'चा. २०१३ च्या या चित्रपटाच्या शेवटी कुंदन मरतो. ऑगस्ट २०२५ मध्ये हक्क असलेल्या कंपनीने त्याची तमिळ आवृत्ती पुन्हा प्रदर्शित केली, आणि कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून शेवट असा बदलला की तो जगतो. दिग्दर्शक आनंद राय आणि नट धनुष या दोघांनीही जाहीर निषेध केला. पण आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा चित्रपटाचा कर्ता म्हणून निर्मात्याला ओळखतो, दिग्दर्शकाला नव्हे. लेखकाला त्याच कायद्याच्या सत्तावन्नाव्या कलमाचा आधार आहे. मन्नू भंडारी यांनी 'आपका बंटी' या आपल्या कादंबरीवरील चित्रपटाबद्दल तो घेतला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये त्यांचा हक्क मानला. दिग्दर्शकाने कुठे जावे? आणि जॉर्ज लुकास यांचे काय सांगावे! जुन्या चित्रपटांत फेरफार करू नका म्हणून १९८८ मध्ये अमेरिकन काँग्रेसपुढे साक्ष देणाऱ्या याच गृहस्थांनी १९९७ मध्ये आपल्या १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मध्ये मनसोक्त फेरफार केले. तेव्हा जुनी प्रत जशीच्या तशी जुळवून जतन करण्याची खटपट चाहत्यांनी केली. तिथे एकनाथांचे काम चाहत्यांच्या वाट्याला आले.

म्हणून मित्राला मी जे म्हणतो ते इतकेच: कात्री चालव, पण मूळ प्रत शेजारी ठेव आणि आपले जे आहे त्यावर आपले नाव घाल. आपल्या नांदेडच्या पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर होते. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला त्यांचे दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून जोडले आहे. त्यांनी कादंबरीतल्या एका शब्दालाही हात लावला नाही. आपला शिवाजी त्यांनी कादंबरीच्या दाराशी उभा केला आणि वाचकाला आत सोडले. कित्येक वाचक ती प्रस्तावना कादंबरीइतक्याच आवडीने वाचतात. वाचकाने लेखकाशी भांडावे ते असे.

नांदेड-लातूर रस्त्यावर माळेगाव लागते. तिथल्या खंडोबाच्या यात्रेत गेल्या वर्षी मला एक म्हातारे ऑपरेटर भेटले. यात्रायात्रांतून तंबू टाकून त्यांनी सिनेमा दाखवला होता. त्यांना मी हे सारे पुराण सांगितले. ते हसले. म्हणाले, शेजारी तमाशाचा फड लागला की आम्हाला खेळ लवकर आटपावा लागे. मग एखादे रीळच गाळायचो. जोड मारून मारून पट्टी इतकी जाड होई की मशीनमधून जाताना खटखट वाजे. 'लोकांना कळायचं का?' मी विचारले. 'कळायचं की! शिव्या द्यायचे. पण पुढच्या खेळाला तेच लोक शेजारच्याला मधलं सांगत बसायचे, आणि रिळात नव्हतं तेबी सांगायचे.'

संक्रांतीला मित्राचा फोन आला. मी नदीतल्या हाताचा मुद्दा सांगितला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'हां, हे पटूलालंय.' पण वाक्य काढले का विचारले तर नाही म्हणाला. त्याने आता दोन प्रती केल्या आहेत, एक कापलेली आणि एक वाक्यासह. दुसऱ्या प्रतीच्या आरंभी, माझ्या आग्रहावरून, काळ्या पडद्यावर पाटी आहे: या प्रतीतील एक वाक्य आमचे आहे. कोणते, ते मात्र त्याने लिहिलेले नाही. पाहणाऱ्याने ओळखावे, म्हणतो. त्यावरून आमचे भांडण पुन्हा सुरू आहे.